प्रोसेसरची चढाओढ आणि नागपूरचा मे महिना

मानेवाड्याच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी यंदा कंप्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. घरात २०१४ सालचा आय३ प्रोसेसरचा कंप्युटर आहे, त्यावर विंडोज ११ चढत नाही. मुलगी घरूनच कॉलेजला जाणार, म्हणून डेस्कटॉप घ्यायचं ठरलं. दुकानदार इंटेल घ्या म्हणतो, भाचा एएमडी घ्या म्हणतो आणि व्हिडिओवाले सांगतात की नवी पिढी येतेच आहे, थोडं थांबा. "भाऊ, हे दोघं दर वर्षी एकमेकांवर कुरघोडी करून राहिले. मग आमच्यासारख्यानं घ्यायचं केव्हा?"

मी १९९८ पासून सीताबर्डीत कंप्युटर जोडतो आणि दुरुस्त करतो. आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. थांबू नका. ज्या प्रोसेसरवरून आज भांडण चाललं आहे तो घेऊ नका, त्याच्या एक पायरी मागचा घ्या. प्रोसेसरच्या आधी बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर बसतो तो) ठरवा. आणि तो प्रोसेसर किती वॅट खातो ते बघा, कारण ही मशीन तुमच्या मानेवाड्याच्या घरात चालणार आहे, एसी लावलेल्या स्टुडिओत नाही.

इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोन्ही फेअरचाइल्ड नावाच्या एकाच कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढल्या. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायची त्यांची तयारी नव्हती. दुसरा कुणीतरी तोच प्रोसेसर बनवून देणारा हवा होता, आणि तो दुसरा म्हणजे एएमडी. म्हणजे एएमडी या धंद्यात आली ती इंटेलचीच आखणी बनवायला. पुढे बिनसलं, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले आणि एएमडीने स्वतःची आखणी सुरू केली. २००३ मध्ये तिने ६४-बिटचा जो आराखडा आणला, तोच नंतर इंटेललाही घ्यावा लागला. आज तुम्ही दोघांपैकी कुणाचाही प्रोसेसर घ्या, मूळ भाषा इंटेलची आणि ६४-बिटचा विस्तार एएमडीचा असतो. म्हणून "मुलीच्या कॉलेजचं सॉफ्टवेअर एएमडीवर चालेल ना?" हा प्रश्न सोडून द्या. चालतं. या एका शंकेपायी लोकांनी उगाच जास्त पैसे मोजलेले मी पाहिले आहेत.

आता ही चढाओढ थांबली की काय होतं ते सांगतो, कारण ते मी काउंटरच्या या बाजूने पाहिलं आहे. २०११ च्या जानेवारीत इंटेलची सॅंडी ब्रिज पिढी आली. आय७-२६०० ला ४ कोअर होते, म्हणजे एकाच वेळी काम करणारे ४ भाग. त्याच वर्षी एएमडीची बुलडोझर आली आणि साफ पडली. त्यानंतर इंटेलला अडवणारं कुणी उरलं नाही. २०१७ च्या जानेवारीत आय७-७७०० के आला तेव्हाही कोअर ४ च होते. सहा वर्षं! त्या काळात गिऱ्हाईक विचारायचं, "माझा २६०० आहे, बदलू का?" आणि मी म्हणायचो, एसएसडी टाका आणि घरी जा. त्या माणसाचे पैसे वाचायचे, पण एक धंदा जागच्या जागी गोठलेला बघून वाईट वाटायचं.

मग २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीचा रायझन आला. ८ कोअरचा १८०० एक्स ४९९ डॉलरला, जेव्हा इंटेलच्या ८ कोअरच्या ६९०० के ला हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने ८७०० के मध्ये ६ कोअर दिले. सहा वर्षं जे अडलं होतं ते सात महिन्यांत सुटलं.

पण यावरून भाच्याची बाजू खरी ठरते असं समजू नका. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एएमडी पुढे गेली आणि तिनेही तेच केलं. रायझन ५ ३६०० एक्स २४९ डॉलरला होता, त्याच्या जागी आलेला ५६०० एक्स २९९ ला. सर्वसामान्यांना परवडेल असा साधा ५६०० तेव्हा काही निघालाच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात इंटेलची १२ वी पिढी आली, जानेवारीत स्वस्त आय५-१२४०० आला, आणि मग एप्रिल २०२२ मध्ये एएमडीला १९९ डॉलरचा ५६०० सापडला. त्याच सुमारास जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालवायची परवानगीही मिळाली. आधी तो दरवाजा बंदच होता. मी दोन्ही कंपन्यांचा माल विकतो आणि कुणाचाही झेंडा धरत नाही. धरावा असं कुणी वागलेलंही नाही. आपल्याला दोघंही तगडे असलेले हवेत, एवढंच.

इंटेल मागे का पडली, हे लोक फार विचारतात. कारण कारखाना. डेस्कटॉपचे प्रोसेसर २०१५ पासून २०२१ पर्यंत १४ नॅनोमीटरवरच अडकले (हा आकडा जितका लहान तितकी चिपची कारागिरी बारीक), पुढची पायरी वेळेत जमली नाही. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढून दिले होते, त्यामुळे २०१९ मध्ये ती सरळ तैवानच्या टीएसएमसीकडे, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडे, ७ नॅनोमीटरला गेली. सोबत तिने प्रोसेसरचे तुकडे पाडले. त्यात काय मोठं, असं वाटेल, म्हणून उदाहरण देतो. कापडाच्या थानावर चार-पाच डाग आहेत असं समजा. त्यातून नऊवारी लुगडी काढायची तर एका डागापायी अख्खं लुगडं वाया जातं. रुमाल काढायचे तर चार-पाच रुमाल गेले, बाकी सगळे चांगले. सिलिकॉनच्या चकतीवर डाग पडतातच. एएमडीने रुमाल काढायला घेतले, आणि तेच रुमाल घरच्या रायझनमध्ये एक-दोन आणि सर्व्हरच्या एपिकमध्ये आठपर्यंत असे शिवले. स्वस्ताई तिथून आली.

तेव्हापासून इंटेलकडे बरंच काही घडलं. प्रमुख बदलले, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने जवळपास १० टक्के भागीदारी घेतली, पाठोपाठ ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने ५ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत तर कोअर असलेला मुख्य तुकडा टीएसएमसीकडूनच बनवून घेतला आहे. तुमच्या खरेदीत यातलं काही आडवं येत नाही.

आडवी येते ती गर्मी. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण हे तुम्हाला पुण्या-मुंबईचं कुणी सांगणार नाही.

दोघांत फरक थोडा उरला की शर्यत शेवटच्या चार-पाच टक्क्यांसाठी होते. ते टक्के मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे व्होल्टेज वाढवायचं. प्रोसेसर खातो ती वीज त्याच्या घड्याळाच्या (गिगाहर्ट्झमध्ये मोजतात त्या) वेगाबरोबर वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. म्हणजे थोडा वेग, बराच ताप. इंटेलचा १४९०० के ६ गिगाहर्ट्झला पोचतो, पण त्यासाठी २५३ वॅटपर्यंत मुभा दिलेली आहे. एएमडीच्या ७००० मालिकेतले एक्सवाले प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चढतील अशाच बेताने बनवले आहेत.

घाईची किंमत दोघांनीही मोजली आहे. २००० च्या मार्चमध्ये १ गिगाहर्ट्झची शर्यत एएमडीने दोन दिवसांनी जिंकली. पुढे जायच्या घाईत इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणला आणि ऑगस्टमध्ये परत मागवला. २०२३ मध्ये एएमडीचे ७००० एक्स३डी काही बोर्डांवर जळाले, तेव्हा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून एका व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ च्या जुलैत इंटेलने मान्य केलं की १३ व्या आणि १४ व्या पिढीचे कित्येक प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून कायमचे कमजोर होत आहेत. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातले बहुतेक प्रोसेसर आपापल्या वेळी शर्यतीच्या टोकावरचे होते. मागच्या पायरीवरचा साधा प्रोसेसर मी इतकी वर्षं विकतो आहे आणि त्याने मला क्वचितच त्रास दिला.

आता त्यात नागपूर मिळवा. साधी बेरीज आहे. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ वर बसतो, तो हवेपेक्षा ५३ अंश वर आहे. तीच मशीन मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या खोलीत ठेवली, तर तेच ५३ मिळवून ९३ होतात. म्हणजे काठावर. ज्याला २२ अंशांतच ८५ लागत होते, त्याला जायला जागाच नाही. तो स्वतःचा वेग उतरवतो. शर्यतीत ज्या चार टक्क्यांसाठी तुम्ही हजारो रुपये जास्त मोजले, ते आपल्याकडे मार्चच्या शेवटाला संपतात आणि पाऊस पडल्यावर परत येतात.

गेल्या उन्हाळ्यात नंदनवनहून एका फोटोग्राफरचा फोन आला. लग्नाच्या फिल्मा कापतो तो. "भाऊ, मशीन सकाळी धावते अन् दुपारी बसून जाते." सकाळी २० मिनिटांत होणारं रेंडर (कापलेली फिल्म पक्की करून काढणं) दुपारी अर्ध्या तासावर जात होतं. दोन दुकानांनी त्याला प्रोसेसर बदला म्हणून सांगितलं होतं. मी दुपारी अडीचला मुद्दाम गेलो, कारण रोग दिसायची वेळ तीच. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि कॅबिनेट बरोबर त्याच्या झोतात ठेवलेलं. त्याला वाटलं मशीनलाही गार हवा मिळेल. बाजूचं पॅनल काढलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ नुसती साचलेली नव्हती, ओलसर हवेने थापून तिचं नमदं झालं होतं. बोटाने ओढलं तर घोंगडीच्या तुकड्यासारखं एकसंध निघालं. स्क्रूंवर कूलरच्या पाण्याचे पांढरे क्षार दिसत होते.

प्रोसेसर बदलायची काही गरज नव्हती. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट मात्र वाळून दगड झाली होती, आणि अशा वेळी हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसर पायांसकट सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या बैठकीतून, उपटून येतो. म्हणून मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार होऊ दिली, मग बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडे थोडा-थोडा फिरवला. एका बारीक आवाजाने तो सुटला. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावली. बायोसमध्ये जाऊन वीज ८८ वॅटला बांधली, कॅबिनेट झोतातून काढून कूलरच्या आडव्या भिंतीला लावलं. त्याच दुपारी रेंडर २१-२२ मिनिटांवर आलं. वीज बांधूनही सकाळच्या वेगापेक्षा फार कमी झालं नाही, कारण कमी केले ते शेवटचे महागडे वॅट. एएमडीच्या बायोसमध्ये याला इको मोड म्हणतात, इंटेलमध्ये पीएल१ आणि पीएल२ हे वीजमर्यादेचे दोन आकडे खाली आणायचे. कुणालाही जमतं.

म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर सुचवतो, आणि नावाच्या शेवटी के किंवा एक्स असेल तर "नक्की हवाच का?" असं विचारतो.

बोर्डाबद्दल. इंटेलची सॉकेट बदलायची सवय बघा: २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. त्यात ११५१ वर तर आठव्या पिढीला सॉकेट तेच ठेवून बोर्ड बदलायला लावला. १७०० ने १२ वी, १३ वी आणि १४ वी अशा तीन पिढ्या चालवल्या, ते त्यातल्या त्यात बरं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मी २०१७ मध्ये जोडलेल्या कित्येक मशीनमध्ये पुढे बायोस बदलून ५००० मालिकेचा प्रोसेसर घातला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. आता एएम५ आहे, २०२२ पासून. २०२७ आणि त्यापुढेही त्याला नवे प्रोसेसर देऊ असं कंपनीने जाहीर केलं आहे. तुमच्या मुलीचा चार वर्षांचा कोर्स बघता हे महत्त्वाचं. आज साधा प्रोसेसर, तिसऱ्या-चौथ्या वर्षाला प्रोजेक्टचं काम वाढलं तर तोच काढून दुपटीचा टाकता येतो. उद्या इंटेलने असा शब्द दिला आणि पाळला, तर मी त्यांचंही नाव घेईन.

तर तुमच्यासाठी: एएम५ चा बी६५० बोर्ड आणि त्यावर रायझन ५ ७६००. ६ कोअर, ६५ वॅट, पेटीतच पंखा येतो आणि स्क्रीन चालवण्यापुरतं ग्राफिक्स आत आहे. मुलीला अधूनमधून खेळायचंही असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता परवडत नसेल, तर ८६०० जी बघा, त्याचं आतलं ग्राफिक्स बरंच दमदार आहे. एक जागा मात्र जपा. इंटेल असो की एएमडी, नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. १२४०० एफ, ७५०० एफ, ८४०० एफ. स्वस्त मिळाला म्हणून घेतात, घरी नेऊन लावतात आणि स्क्रीन काळी. दर महिन्याला एकतरी मशीन माझ्याकडे अशी येते.

इंटेलच हवा असेल तर आय५-१२४०० आजही चांगला आहे, विशेषतः कुणाकडे डीडीआर४ रॅम पडून असेल तर. तुमच्या जुन्या मशीनची रॅम डीडीआर३ आहे, ती दोन्हीकडे चालणार नाही.

रॅमवरून आठवलं. थांबण्याच्या विरोधात माझं सगळ्यात मोठं कारण आज रॅमच आहे. २०२५ च्या शेवटापासून तिचे भाव जोरात चढले, कारण रॅम बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरांकडे वळवला. प्रोसेसरची नवी पिढी आली की जुनी पिढी स्वस्त होते, हा हिशोब माझ्या अनुभवात खरा आहे. पण प्रोसेसरवर वाचवाल ते रॅममध्ये देऊन बसाल. १६ जीबीची एकच पट्टी घ्या, दुसरी जागा रिकामी ठेवा, भाव उतरले की जोडीची टाका. दोन ८ च्या पट्ट्यांनी आज वेग थोडा जास्त मिळेल, पण पुढे त्या बहुधा काढून टाकाव्या लागतात.

एनपीयू (प्रोसेसरमधला एआयच्या कामाचा भाग) आणि एआय पीसीच्या स्टिकरचं ऐकून गोंधळू नका. ती लढाई सध्या लॅपटॉपची आहे, तिथे मोबाइलचे प्रोसेसर बनवणारी क्वालकॉमही २०२४ पासून जोरात उतरली आहे आणि बॅटरीच्या बाबतीत तिने दोघांना कामाला लावलं. डेस्कटॉपवर तुमच्या मुलीला मशीन लर्निंग शिकायचं झालं तर एनव्हिडियाचं कार्ड लागेल, आणि ते तिसऱ्या वर्षीही घेता येईल. पॉवर सप्लाय मात्र आजच ५५० वॅटचा, नामांकित कंपनीचा घ्या, म्हणजे तेव्हा तो बहुधा बदलावा लागणार नाही. यूपीएस विसरू नका. मान्सूनपूर्व वादळात आपल्याकडे वीज कशी ये-जा करते ते तुम्ही जाणता.

दुकानात गेल्यावर प्रोसेसर पेटीबंदच मागा. "ट्रे पीस (पेटीविना सुटा) आहे, तोच माल, हजार-दीड हजार कमी" असं सांगतील. माल तोच असतो, पण पेटीबरोबर कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी येते, ट्रेवर येते ती फक्त दुकानदाराची जबान. पेटी तुमच्यासमोर फोडू द्या, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. बोर्डाचं बायोस नवं करून द्यायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे, नाही म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

आणि जोडताना मुलीला सोबत न्या. एएम५ मध्ये पाय प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये केसांसारख्या बारीक पिना असतात. एकदा वाकल्या की सरळ करायला माझ्यासारख्यालाही भिंग आणि बारीक चिमटा घेऊन तासभर बसावं लागतं, तरी भरवसा नसतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, सोडून द्यायचा, दाबायचं नाही, मग लीव्हर खाली. लीव्हर खाली नेताना करकर आवाज होतो आणि बराच जोर लागतो. तो तसाच लागतो, घाबरू नका. हे तिने एकदा स्वतःच्या हाताने केलं, तर पुढच्या मार्चमध्ये पॅनल उघडून ब्रशने धूळ काढायला तिला कुणाला बोलवावं लागणार नाही. मार्चमध्येच काढा, कूलरला नव्या ताट्या लावाल त्याच रविवारी.